हरवलात तर घड्याळाखाली थांबा

पावलेमास्तर पहिल्यांदा माझ्या छापखान्यात आले तेव्हा मी त्यांना दारातूनच कटवणार होतो. जेवणाची वेळ, यंत्राचा रूळ बिघडलेला, हात शाईने बरबटलेले, आणि हा किडकिडीत गृहस्थ काखेत वह्यांचा गठ्ठा धरून उभा. म्हणाले, "एक पुस्तिका छापायची आहे. बत्तीस पानं. शर्टाच्या खिशात मावली पाहिजे."

"कसली पुस्तिका?"

"बाहेरून आलेल्या माणसाने आपल्या बाजारात खरेदी कशी करावी, त्याची."

"पैसे देऊन करावी," मी म्हटलं. "संपली पुस्तिका. एका ओळीत."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. वही उघडली आणि उभ्याउभ्या वाचायला लागले. कापड दिवसाउजेडी घ्यावे, दिव्याखाली गर्द निळा आणि काळा सारखाच दिसतो. पातेले घेताना ते सपाट फरशीवर ठेवून गोल फिरवावे, बूड वाकडे असेल तर लगेच डगमगते. पहिल्या दुकानात भाव विचारावा, चौथ्या दुकानात विकत घ्यावे, आणि मधल्या दोन दुकानदारांची माफी मागू नये. चपला-बूट सकाळी घेऊ नयेत. दिवसभर चालून पाऊल फुगते, तेव्हा घालून बघावेत, म्हणजे पुढे चावत नाहीत. मी जन्मापासून या बाजाराच्या कडेला राहतोय, आणि त्या वेळी माझ्या पायातले नवे बूट मला चावत होते. सकाळी घेतले होते. मी रूळ बाजूला ठेवला आणि त्यांना स्टूल दिलं.

तेवीस वर्षं मी ती पुस्तिका छापली. पावले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पुस्तिकेतली सगळी अंतरं त्यांनी पावलांत दिली होती, म्हणून बाजाराने त्यांचं बारसं केलं. चहाच्या टपरीपासून डावीकडे बेचाळीस पावले, की दिव्यांची गल्ली. तिथून सरळ एकशे दहा पावले, की चामड्याचे दुकान, त्याच्या शेजारचे नव्हे. मी त्यांना छेडायचो. "मास्तर, तुमचं पाऊल आणि एखाद्या धिप्पाड माणसाचं पाऊल सारखं असतं होय?" ते गंभीरपणे सांगायचे, "धिप्पाड माणूससुद्धा खरेदीला आला की हळू चालतो. हातात पिशव्या असतात."

त्याआधी बावीस वर्षं ते एका कापडाच्या दुकानात कापड मोजत होते. दुकान बंद पडलं आणि ते बाहेरच्या लोकांना बाजार फिरवून दाखवायला लागले. ठरलेले पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे, दुकानदाराकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यामुळे निम्मा बाजार त्यांना पाण्यात पाहायचा. बाकीच्या वाटाड्यांची दुकानं ठरलेली असत; गिऱ्हाईक आत ढकललं की यांचा हिस्सा पक्का. मास्तर मात्र गिऱ्हाइकाला फुटक्या कपाच्या कडेवरून बोट फिरवायला शिकवायचे. असा माणूस कोणत्या दुकानदाराला आवडेल?

दर वर्षी नवी आवृत्ती छापण्याआधी ते सगळा बाजार पुन्हा चालून काढत. सोबत वहिनी. मास्तर पुढे पावलं मोजत चालायचे, वहिनी मागून वही घेऊन. चौक आला की मास्तर आकडा म्हणायचे आणि वहिनी लिहायच्या. मध्येच कुणी ओळखीचा भेटून मास्तरांशी बोलायला लागला की आकडा चुकायचा, आणि मग वहिनी सरळ मागच्या चौकाकडे चालू लागायच्या. मास्तर मान खाली घालून त्यांच्या मागे. मी हे माझ्या दारातून कितीदा पाहिलंय. लेसच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहायच्या त्या लग्नाआधी, त्यामुळे मोजमापाच्या बाबतीत त्यांच्याशी कुणी वाद घालत नसे, मास्तर तर नाहीच.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. त्या तेवढ्या ठळक अक्षरांत पाहिजेत, असा मास्तरांचा हट्ट. वर मथळा: हरवलात तर. खाली: 'सोबतच्या माणसाशी चुकामूक झाली तर बाजाराच्या मध्यावरील चौकात घड्याळाखाली थांबावे. दोघांनीही शोधत फिरू नये. कोणी काहीही सांगितले तरी जागा सोडू नये. मी रोज संध्याकाळी पाच वाजता तेथे येतो.'

मी म्हटलं होतं, "दोघंही थांबले तर शोधणार कोण?"

तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी खुदकन हसल्या आणि त्यांनी ती गोष्ट सांगितली. लग्नाला महिनाही झाला नव्हता. दोघं सतरंजी घ्यायला बाजारात गेले आणि गर्दीत चुकामूक झाली. वहिनी घड्याळाखाली येऊन थांबल्या, मग कंटाळून शोधायला निघाल्या. तेवढ्यात मास्तर घड्याळाखाली आले, थांबले, आणि घाबरून शोधायला निघाले. मग पुन्हा वहिनी. असं तीन तास चाललं. घड्याळाजवळच्या कुलपं विकणाऱ्याने दोघांनाही पाहिलं होतं, पण त्याला वाटलं ही वेगवेगळी वेडी माणसं आहेत. शेवटी पाचच्या ठोक्याला दोघं एकाच वेळी तिथे पोचले. "हे रडत होते," वहिनी म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "घाम होता." त्या दिवशी त्यांनी आपसात ठरवलं, की यापुढे चुकामूक झाली तर घड्याळाखाली यायचं आणि जो आधी पोचेल त्याने हलायचं नाही. सतरंजी राहिलीच.

त्या चार ओळींमुळे किती माणसं एकमेकांना सापडली याचा हिशोब नाही. मास्तर रोज पाचला तिथे जायचे. बहुतेक दिवशी कुणी नसायचं, तरी पाच-दहा मिनिटं थांबून यायचे. एकदा एक म्हातारे गृहस्थ तिथे निवांत उभे होते. मास्तरांनी विचारलं, तुमची बायको हरवली आहे का? ते म्हणाले, हो, पण घाई नाही, बसा. हा किस्सा मास्तर वर्षातून दोनदा सांगायचे आणि दोन्ही वेळा स्वतःच हसायचे.

तीन वर्षांपूर्वी बाजार कमिटीने ते घड्याळ हलवलं. मधला चौक मालाचे ट्रक रिकामे करायला पाहिजे होता. चारी बाजूंना भिंत घातली, लोखंडी फाटक बसवलं, पहारेकरी ठेवला. घड्याळ उचलून नेलं ते नव्या दरवाजाशी, जिथे गाड्या लावतात. दगडी चौथरा तेवढा जागच्या जागी राहिला, चार गंजके बोल्ट वर आलेला. आणि आमच्या पुस्तिकेच्या तीन हजार प्रती महिन्यापूर्वीच छापून झाल्या होत्या.

मास्तर प्रती रद्दीत घालायला निघाले होते. मीच म्हटलं, "वेड लागलंय का? एक चिठ्ठी छापतो. चुकीच्या ओळीवर चिकटवून टाका, काम झालं." छोटी चिठ्ठी होती, दोन बोटं रुंद. 'घड्याळाखाली, नव्या दरवाजाजवळ, थांबावे. जुन्या जागेपासून दोनशे बारा पावले.' दोनशे बारा हा आकडा मास्तर आणि वहिनींनी चालून काढला, चौकाला भिंत घालण्याच्या आदल्या दिवशी. ते त्यांचं शेवटचं मोजणं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच वर्षी वहिनी विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग माणसं, मग दिवसाच्या वेळा. मास्तरांनी बराच काळ ते झाकून ठेवलं. मला कळलं ते असं, की वहिनींनी मला एका सकाळी तीन वेळा विचारलं, तुमचा छापखाना कुठे आहे हो, आणि आम्ही छापखान्यातच बसलो होतो. भर उन्हाळ्यात मास्तरांचा करडा स्वेटर घालून बसायच्या. काढा म्हटलं की गळ्यापर्यंत बटणं लावून घ्यायच्या.

घरी एकटं सोडता येईना. लेक दुसऱ्या शहरात. ती फोनवर म्हणायची, आईला माझ्याकडे पाठवा, इथे चांगली सोय असलेली जागा आहे. मास्तर माझ्यासमोरच तिला उत्तर द्यायचे, "तिथे ती दाराबाहेर पडली की हरवेल. इथला बाजार तिच्या पायाखालचा आहे. इथे ती हरवणार नाही." फोन ठेवला की माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायचो. मला तेव्हा ते खरंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

मग असं ठरलं, की मास्तर गिऱ्हाइकांबरोबर फिरतील तेवढा वेळ वहिनी माझ्याकडे बसतील. कातरकामाच्या यंत्राशेजारी, खिडकीखाली, एक टेबल रिकामं केलं. समोर पुस्तिकांचा गठ्ठा, चिठ्ठ्यांचा डबा, खळीची वाटी आणि ब्रश. काम एकच, शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवायची. हात लेसच्या दुकानातले, सफाई मुरलेली. दिवसाला वीस-पंचवीस प्रती व्हायच्या. मध्येच हात थांबला की मी म्हणायचो, "वहिनी, मास्तर ओरडतील," आणि त्या म्हणायच्या, "ते काय ओरडणार." एवढं मात्र त्यांना शेवटपर्यंत आठवत होतं.

झालेल्या प्रती मास्तर संध्याकाळी पिशवीत घालून घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विकायला काढायचे. मी एकदा विचारलं, इथूनच का नाही देत विक्रीला? म्हणाले, "एकदा नजरेखालून घालतो." प्रुफं चार वेळा वाचणारा माणूस; मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

तो दिवस मला घडीघडीने आठवतो. ऊन इतकं होतं, की शाई नेहमीपेक्षा पातळ झाली होती. मास्तर दहाला वहिनींना सोडून गेले. परगावचं एक कुटुंब होतं, त्यांना लग्नाच्या आहेराची भांडी घ्यायची होती. जाताना नेहमीसारखं म्हणाले, "मालक, लक्ष असू द्या." मी नेहमीसारखं म्हणालो, "तुम्ही जा हो."

अकराच्या सुमाराला यंत्र अडलं. मी खाली शिरलो, उताणा पडून रुळाचा बोल्ट काढत होतो. पंधरा मिनिटं, फार तर वीस. वर आलो तर खुर्ची रिकामी. खळीच्या वाटीवर झाकण लावलेलं, ब्रश धुऊन कागदावर ठेवलेला, झालेल्या प्रतींची थप्पी कडा जुळवून ठेवलेली. जाणारं माणूस एवढं नीट आवरून गेलं होतं, म्हणून मला वाटलं इथेच असतील. मोरीत बघितलं, मागच्या बोळात हाक मारली, टपरीवर विचारलं. आणि इथे मी एक गोष्ट केली, तिची मला अजून शरम वाटते. अर्धा तास मी मास्तरांना कळवलं नाही. सापडतील आणि मग सांगायची वेळच येणार नाही, असं मनाशी म्हणत राहिलो. माझा निष्काळजीपणा उघडा पडू नये, एवढंच त्यामागे होतं.

फोन केला तेव्हा मास्तरांनी एकच विचारलं, "स्वेटर अंगात आहे?" मी हो म्हटलं. गिऱ्हाइकाला अर्ध्या खरेदीत सोडून ते गेले. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

मी धावत नव्या दरवाजाशी पोचलो तर मास्तर घड्याळाखाली उभे. खांबाला पाठ टेकून, दोन्ही बाजूंचे रस्ते दिसतील असे.

"चला," मी म्हटलं. "तुम्ही कापडाकडून या, मी भांड्यांकडून जातो."

"मी इथून हलणार नाही."

"अहो मास्तर, त्या काय पुस्तिका वाचून येणार आहेत का?"

"तिला वाचायची गरज नाही. सगळं विसरली, पण हे नाही विसरली. परवा मला म्हणाली, चुकामूक झाली तर मी घड्याळाखाली थांबेन, तुम्ही पाचला या." त्यांचा आवाज शांत होता. "मी हललो आणि नेमकी ती आली तर? एकदा झालंय आमचं तसं."

त्यांचं म्हणणं मला पटलं. मी एकटाच निघालो.

कापड, भांडी, दिवे, चामडं, पुन्हा कापड. लेसच्या दुकानात दोनदा गेलो, तिथली आताची माणसं वहिनींना ओळखतसुद्धा नव्हती. कमिटीच्या कचेरीत जाऊन भोंग्यावर पुकारा करायला लावला: करडा स्वेटर घातलेल्या बाई कुणाला दिसल्या तर घड्याळाखाली आणून सोडा. दर अर्ध्या तासाने तो पुकारा होत होता. ट्रकच्या चौकात भोंगा नव्हता. तिथल्या फाटकापाशीही मी गेलो होतो. पहारेकऱ्याला विचारलं, कुणी बाई आत आल्या का? तो म्हणाला, "बाहेरच्या माणसाला आम्ही सोडतच नाही आत." मी त्याचे आभार मानले आणि परत फिरलो. डोकं आत घालून एकदा बघावं, एवढी अक्कल मला सुचली नाही.

मागच्या बोळाच्या टोकाला त्या चौकाच्या भिंतीच्या विटा पडल्या होत्या. हमाल तिथूनच ये-जा करत. माझ्या छापखान्याच्या मागच्या दारातून सरळ गेलं, की ती फट.

चारच्या सुमाराला मी मास्तरांना पाणी नेऊन दिलं. त्यांच्यावर सावली होती, दरवाजाच्या कमानीची. त्यांनी दोन घोट घेतले आणि बाटली तशीच धरून ठेवली. म्हणाले, "उरलेलं तिला होईल." पाचला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी खिशातून कंगवा काढला, केस विंचरले, कॉलर सरळ केली. मी बघत होतो. त्यांची खात्री होती की पाच वाजले की ती येणार. पाच वाजले. घड्याळाचे ठोके पडले. सव्वापाच झाले. मास्तर प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होते, आणि बायका चिडून पदर सावरत पुढे जात होत्या.

पावणेसहाला एक हमाल धावत आला. भोंग्यावरचं त्याने चौकाबाहेर चहा पिताना ऐकलं होतं.

पुढचं सगळं हमालांनी सांगितलेलं. साडेअकरापासून त्या बाई चौथऱ्याजवळ उभ्या होत्या. डोक्यावर ऊन, अंगात लोकरीचा स्वेटर. एकजण म्हणाला, मावशी, सावलीत या. त्या म्हणाल्या, "जागा सोडायची नाही, असं लिहिलंय." दुसऱ्याने पाणी दिलं; ते पिऊन पेला त्याच्या हातात परत देऊन त्याला थँक्यू म्हणाल्या. तिसऱ्याने विचारलं, कोणाबरोबर आलात? म्हणाल्या, "आमचे हे पाचला येतात." त्यांना वाटलं कुणा ड्रायव्हरची आई असेल, येईल तो न्यायला. ट्रक येत-जात होते, ज्याचा त्याला धंदा. पाच वाजता त्यांनी एका हमालाला वेळ विचारली. त्याने सांगितलं, पाच वाजले. तेव्हा त्यांनी स्वेटरची बटणं नीट लावली, केसांवरून हात फिरवला आणि समोर बघत राहिल्या. मग कधीतरी चौथऱ्यावर टेकल्या. ट्रक मागे घ्यायला जागा पाहिजे होती म्हणून एकजण त्यांना हलवायला गेला, तर अंग तापलेलं आणि शुद्ध नाही.

दवाखान्यात दोन दिवस होत्या. डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. उन्हाने, असं डॉक्टर म्हणाले. लेक आदल्या रात्री पोचली होती. तिने मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "काका, आई तुमच्याकडे होती ना?" मी म्हटलं, "हो." ती मान हलवून परत आत गेली.

बरोबर पंधरा दिवसांनी मी वहिनींचं टेबल आवरायला घेतलं. तोवर हात लावला नव्हता. खळ वाटीत वाळून कवची झाली होती. शेजारी त्या दिवशीची थप्पी, एकोणीस प्रती, कडा जुळवलेल्या. मी सहज वरची उचलली आणि शेवटचं पान उघडलं. चिठ्ठी होती. पण जुन्या ओळीवर नव्हती. जुनी ओळ स्वच्छ उघडी ठेवून, चिठ्ठी पार खाली, पानाच्या तळाशी, एका रेषेत चिकटवली होती. 'मध्यावरील चौकात घड्याळाखाली थांबावे' ही ठळक ओळ तशीच्या तशी वाचता येत होती. मी दुसरी उघडली. तिसरी उघडली. एकोणीसच्या एकोणीस तशाच.

मला काही उमगेना. बाजारात विकलेल्या शेकडो प्रती मी पाहिल्या होत्या, प्रत्येकीत चिठ्ठी जागेवर होती.

दुपारी मास्तर आले. रोज यायचे त्या दिवसांत, स्टुलावर बसायचे आणि जायचे. गिऱ्हाइकं घेणं त्यांनी बंद केलं होतं. मी एक प्रत उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी बघितली. आश्चर्य नावालाही नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"चार महिने झाले. जास्तच." त्यांनी प्रत मिटली. "मी घरी नेऊन रोज सकाळी ओल्या फडक्याने चिठ्ठ्या काढायचो आणि जागेवर लावायचो. ती उठायच्या आत. तिला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही."

"मला तरी सांगायचं."

"तुम्ही तिच्याकडून काम काढून घेतलं असतं."

खरं होतं. मी काढून घेतलं असतं.

मास्तरांनी पुस्तिका टेबलावर ठेवली. मग अगदी साध्या आवाजात, जणू गल्लीचा पत्ता सांगावा तसं बोलले. "सुरुवातीला वाटलं, हात चुकतोय. मग एकदा विचारलं, अगं, त्या ओळीवर का नाही लावत? म्हणाली, ती ओळ बरोबर आहे, ती कशाला झाकायची. मालक, मला माहीत होतं. तिचं घड्याळ जुन्याच जागी होतं, हे मला रोज सकाळी दिसत होतं. वीस-वीस वेळा दिसत होतं. मी नुसत्या चिठ्ठ्या सरळ करत बसलो. आणि त्या दिवशी नव्या घड्याळाखाली सावलीत उभा राहून तिची वाट बघितली."

मला त्यांना सांगायचं होतं, की तुमची चूक नाही. पण फाटकात डोकं न घालणारा मी, अर्धा तास गप्प बसणारा मी, कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आणि चिठ्ठीची कल्पना मुळात कुणाची होती?

दारात एक जोडपं येऊन उभं राहिलं. बाहेरगावची माणसं, गळ्यात पिशव्या. नवराच होता बोलणारा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बाजाराची ती छोटी पुस्तिका इथे मिळते. मी नाही म्हणणार होतो. मास्तर उठले, टेबलावरची एक प्रत घेतली, शेवटचं पान फाडून खिशात घातलं आणि बाकीची पुस्तिका त्यांच्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

"बाजारात फिराल तेव्हा," ते त्या नवऱ्याला म्हणाले, "यांचा हात धरून फिरा."